विडालच्या ओळीवर टायफॉइड ठरवू नका: फॅमिली डॉक्टर आणि लॅबचालकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील फॅमिली डॉक्टर, फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ आणि गावोगावच्या पॅथॉलॉजी लॅबमधील सहकारी

विषय: पहिल्या डोसाआधीचे रक्तकल्चर आणि अंगावरची काळी खपली

सप्रेम नमस्कार.

‘थोडा टायफॉइड निघालाय’ हे वाक्य पावसाळ्यात आणि त्यानंतर कुठल्या ना कुठल्या घरात रोज ऐकू येते. त्यामागे लॅबचा एक कागद असतो. सीबीसी, मलेरिया, डेंग्यू आणि सगळ्यात खाली विडाल, म्हणजे टायफॉइडच्या जंतूविरुद्धची अँटिबॉडी रक्तात पाहणारी चाचणी. ‘ओ १:८०, एच १:१६०’: जंतूच्या ओ आणि एच या दोन भागांविरुद्धची अँटिबॉडी किती, ते सांगणारे आकडे, म्हणजे टायटर. ताप आलेला असतो तिसऱ्या दिवसाचा, आणि कागद हातात पडायच्या आतच पेशंटला सेफ्ट्रिअॅक्सोन या अँटीबायोटिकचे पहिले इंजेक्शन मिळालेले असते. टायफॉइड थोडा नसतो. रक्तात साल्मोनेला टायफी हा टायफॉइडचा जंतू असतो किंवा नसतो, आणि ते सांगण्याची ताकद त्या ओळीत नाही.

आम्ही रक्तकल्चरच्या, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याच्या, बाकावर काम करणारी माणसे आहोत. आमचे मागणे दोनच गोष्टींचे आहे. तापाच्या पेशंटला पहिले अँटीबायोटिक देण्याआधी रक्त कल्चरच्या बाटलीत जाऊ द्या. आणि तपासताना पेशंटचे कपडे बाजूला करून काखा, जांघा, कंबर इथे काळी खपली आहे का ते एकदा बघा. पहिली गोष्ट टायफॉइडसाठी, दुसरी टायफससाठी. हे दोन आजार नावाने एकमेकांना चिकटलेले आहेत, आणि आपल्याकडे पेशंटच्या नशिबीही बरेचदा एकमेकांच्या जागी येतात.

नावाचा घोळ जुना आहे. ग्रीक ‘टायफॉस’ म्हणजे धूर, धुके. तापाने बरळणाऱ्या, गुंगीत पडलेल्या माणसाच्या डोक्यावर जे धुके चढते त्यावरून ‘टायफस’, आणि टायफससारखा तो ‘टायफॉइड’. १८३७ मध्ये फिलाडेल्फियात विल्यम गेरहार्ड यांनी शवविच्छेदनांच्या आधारे दोन्ही वेगळे काढले: टायफॉइडमध्ये लहान आतड्यातल्या पायर्स पॅचेस नावाच्या लसिका-पेशींच्या चकत्यांवर व्रण पडतात, टायफसमध्ये पडत नाहीत. टायफॉइडचा जंतू १८८० मध्ये कार्ल एबर्थ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि १८८४ मध्ये गाफ्की यांनी तो वाढवून दाखवला. टायफसचा जंतू मात्र असा प्रयोगशाळेतल्या बशीत वाढेना. त्याच्या मागे लागलेले हॉवर्ड रिकेट्स १९१० मध्ये मेक्सिको सिटीत आणि स्टानिस्लाउस फॉन प्रोवाझेक १९१५ मध्ये टायफसनेच गेले. १९१६ मध्ये रोशा लिमा यांनी उवांमधून पसरणाऱ्या त्या जंतूला दोघांचीही नावे दिली: रिकेट्सिया प्रोवाझेकी. आपल्या भागातला स्क्रब टायफस हा त्याच्या नात्यातल्या ओरिएन्शिया सुत्सुगामुशी या जंतूचा. तो उवेतून येत नाही, गवतातल्या माइट या सूक्ष्म किड्याच्या अळीतून येतो. पण बशीत न वाढण्याचा गुण घराण्याचाच. दोघांनाही वाढायला जिवंत पेशी लागते.

उपचारांचा इतिहासही असाच गुंतलेला आहे. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल हे नवे औषध घेऊन जोसेफ स्मॅडेल आणि थिओडोर वुडवर्ड यांचा गट मलायात क्वालालंपूरला गेला तो स्क्रब टायफसवर त्याची परीक्षा घ्यायला. स्क्रब टायफस समजून औषध दिलेल्यांत टायफॉइडचे पेशंट निघाले, आणि तेही बरे होऊ लागले. टायफॉइडवर चालणारे पहिले प्रतिजैविक असे चुकीच्या निदानातून हाती आले. त्या पहिल्या अहवालाच्या लेखकांत मंकीकर हे आपल्या कानाला ओळखीचे वाटणारे आडनावही आहे. त्यांना ही चूक चूक म्हणून कळली, कारण त्यांच्याकडे कल्चरचा रिपोर्ट होता. आपल्याकडे अशी चूक झाली तर ती कळायला काहीच जागा नसते.

आता विडाल. १८९६ ची ही चाचणी. आज बहुतेक लॅबमध्ये ती स्लाइडवर होते. पाच गोल, त्यांत अनुक्रमे ८०, ४०, २०, १० आणि ५ मायक्रोलिटर सीरम, प्रत्येकावर रंगवलेल्या अँटिजेनचा, म्हणजे मारलेल्या जंतूंच्या द्रावणाचा, एक थेंब. काडीने मिसळायचे, स्लाइड हलक्या हाताने फिरवायची आणि एका मिनिटाला वाचायची. ८० मायक्रोलिटरच्या गोलात दाणे दिसले तर १:२०, ४० ला १:४०, २० ला १:८०, असे पुढे. म्हणजे इथे सीरम खरोखर पातळ केलेले नसते, थेंब लहान होत जातो एवढेच. पिपेट पाच मायक्रोलिटरने चुकले की टायटर एका पायरीने सरकते. वाचायला एकाऐवजी तीन मिनिटे लागली आणि वर पंखा फिरत असला तर थेंबाच्या कडा सुकतात आणि दाणे ‘दिसतात’. अँटिजेनची कुपी फ्रीजमधून काढून, खोलीच्या तापमानाला न आणता, न हलवता वापरली की तळाचा गाळ एका पेशंटला आणि वरचे पाणी दुसऱ्याला मिळते. कंट्रोल सीरम रोज लावणाऱ्या लॅब किती, हे लॅबवाल्यांनीच स्वतःला विचारावे.

पण समजा चाचणी निर्दोष केली, ट्यूबमध्ये केली, तरीही ती काय सांगते? टायफीच्या अंगावरचे ओ-१२ हे अँटिजेन पॅराटायफी ए आणि बी या त्याच्या भावंड जंतूंवरही असते. ओ-९ टायफीखेरीज इतर साल्मोनेलांवरही असते. आपल्या पाण्यात आणि आपल्या चौपाटीवर वाढलेल्या माणसाच्या रक्तात या सगळ्यांची जुनी अँटिबॉडी असू शकते. मलेरिया किंवा दुसरा कुठलाही ताप आला की ती जुनी अँटिबॉडी पुन्हा डोके वर काढते. खऱ्या टायफॉइडची नवी अँटिबॉडी पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडे वाढू लागते. त्यामुळे तिसऱ्या दिवशी ‘पॉझिटिव्ह’ आलेला विडाल बहुधा जुन्याच गोष्टीची आठवण काढत असतो, आणि तिसऱ्या दिवशी ‘निगेटिव्ह’ आलेला काहीच सिद्ध करत नाही. दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन टायटर चौपट वाढले तर त्याला अर्थ आहे. दुसरा नमुना द्यायला पेशंट येत नाही हे तुम्हाला आमच्याहून चांगले ठाऊक आहे.

एक गैरसमज जाता जाता: ‘लस घेतली होती म्हणून विडाल वाढला’. आजची कॉन्जुगेट लस टायफीच्या वरच्या व्हीआय आवरणाची बनते. त्या आवरणाची साखर, एका डोसात २५ मायक्रोग्रॅम, टिटॅनसच्या टॉक्सॉइडसारख्या प्रथिनाला जोडलेली असते. त्यात ओ नाही, एच नाही. ती घेतल्याने विडालचे ओ-एच वाढण्याचे कारण नाही. अख्ख्या मारलेल्या जंतूंची जुनी लस होती तेव्हा ते खरे होते. आणि पॅराटायफी ए ला व्हीआय आवरणच नसते, म्हणून लस घेतलेल्या मुलाला एन्टेरिक फिव्हर (टायफॉइड किंवा पॅराटायफॉइड) होणारच नाही असे समजू नये.

मग रक्तकल्चर. ‘कल्चर कधी पॉझिटिव्ह येतच नाही’ ही तक्रार आम्ही ऐकतो, आणि तिच्यात तथ्य आहे. टायफॉइडच्या पेशंटच्या एक मिलिलिटर रक्तात जंतू सरासरी एखादाच असतो, कधी तेवढाही नाही, आणि त्यातले निम्म्याहून अधिक पांढऱ्या पेशींच्या पोटात बसलेले असतात. मोठ्या माणसाचे दोन-तीन मिलिलिटर रक्त बाटलीत टाकले तर जंतू सापडणे हा जुगार आहे. प्रौढासाठी एका बाटलीत ८ ते १० मिलिलिटर, आणि शक्यतो दोन हातांतून दोन बाटल्या. लहान मुलांच्या बाटलीत वजनाप्रमाणे १ ते ३ मिलिलिटर. बाटलीवर खुणेची रेघ असते. भरण्याआधी पेनने हव्या त्या पातळीवर खूण करा, कारण सिरिंज पाहून केलेला अंदाज नेहमी कमीच असतो. हे सगळे नीट केले तरी खऱ्या टायफॉइडच्या शंभर पेशंटपैकी साधारण साठांमध्येच कल्चर पॉझिटिव्ह येते. मुद्दाम सांगायची गोष्ट ही की रक्त जितके कमी तितके हे साठ खाली घसरतात. अस्थिमज्जेचे कल्चर ऐंशीच्या वर जाते, अँटीबायोटिक सुरू झाल्यावरही जाते, पण ते ओपीडीतले काम नव्हे.

रक्त काढताना काय बिघडते ते सांगतो. त्वचा स्पिरिटने पुसली आणि ओली असतानाच सुई घातली जाते. स्पिरिट किंवा क्लोरहेक्सिडीन सुकल्यावर जंतू मेलेले असतात, पुसताक्षणी नाही; अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्सिडीनला निदान अर्धा मिनिट द्या, पोव्हिडोन आयोडीनला दीड ते दोन मिनिटे. शीर सापडली नाही की त्याच स्वच्छ जागेवर बोट फिरवून पुन्हा चाचपले जाते. तिथे सगळी मेहनत वाया. बाटलीच्या रबरी बुचावरचे प्लॅस्टिकचे झाकण निघाले म्हणजे बूच निर्जंतुक आहे असे नाही, तेही पुसावे. आधी कल्चरची बाटली, मग ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) ट्यूब, उलटे नाही. आणि त्वचेवरचा स्टॅफ एकाच बाटलीत वाढला तर तो बहुधा हाताचा असतो, पेशंटच्या तापाचा नव्हे.

बाटली भरल्यावर फ्रीजमध्ये ठेवू नका. हे लॅबच्या बाहेरच्या मंडळींना उलटे वाटते, पण दुधाचा नियम इथे लागू नाही. खोलीच्या तापमानाला ठेवा आणि त्याच दिवशी पाठवा. स्वयंचलित यंत्रात जाणारी बाटली वाटेत कुणी ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ‘गरम’ करत ठेवली तर तेही नुकसानच: यंत्र बाटलीतला बदल मोजते, आणि बदल आधीच होऊन गेला असेल तर त्याला काही दिसत नाही. ज्या लॅबकडे यंत्र नाही त्यांनी हाताने बनवलेली बाटली सात दिवस ठेवावी आणि रोज गढूळपणा पाहावा. पहिल्या २४ तासांनी डोळ्याला काही दिसो न दिसो, ब्लड अगर आणि मॅक्कॉन्की या जंतू वाढवण्याच्या बश्यांवर एकदा उतरवावी.

पैशांचा प्रश्न खरा आहे. कल्चर विडालपेक्षा कितीतरी महाग पडते आणि उत्तर दोन-तीन दिवसांनी येते. ज्यांना ते झेपत नाही त्यांच्यासाठी एक जुनी, आता विसरत चाललेली पद्धत आहे. सीरम काढून घेतल्यावर ट्यूबमध्ये राहिलेली रक्ताची गुठळी आपण फेकून देतो. ट्यूब निर्जंतुक असेल आणि सीरम निर्जंतुक पिपेटने काढले असेल, तर ती गुठळी काचेच्या काडीने फोडून बाइल ब्रॉथमध्ये टाका. पित्ताने पेशी फुटतात, आतले जंतू मोकळे होतात, आणि टायफीला पित्ताचे वावडे नाही. शेवटी तो पित्ताशयात मुक्काम करणारा जंतू आहे. विडालसाठी रक्त काढलेच आहे तर त्याच सुईत कल्चर होऊ शकते.

लॅबवाल्यांसाठी थोडे तपशिलात. मॅक्कॉन्कीवर फिकट, लॅक्टोज न खाणारी कॉलनी मिळाली आणि टीएसआय या तीन साखरांच्या नळीत लाल तिरका भाग, पिवळा तळ, गॅस अजिबात नाही आणि दोहोंच्या सांध्यावर मिशीसारखी बारीक काळी रेघ दिसली की टायफी मनात यायला हवा. पूर्ण काळी नळी शोधत बसाल तर तो निसटेल. युरिएज निगेटिव्ह, सायट्रेट निगेटिव्ह, लायसिन पॉझिटिव्ह, ऑर्निथिन निगेटिव्ह. तळाला गॅसचा बुडबुडा, काळेपणा नाही आणि लायसिन निगेटिव्ह असेल तर पॅराटायफी ए. त्यानंतर स्लाइडवर सीरम लावले आणि ओ-९ बरोबर गुठळी झालीच नाही, तर ‘साल्मोनेला नाही’ असे लिहू नका. ताज्या टायफीवर व्हीआयचे आवरण इतके जाड असते की खालच्या ओ-९ पर्यंत सीरम पोहोचत नाही. जंतूचे सलाइनमधले द्रावण उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवा, थंड करा, पुन्हा लावा. आवरण उतरते आणि ओ-९ लख्ख दिसतो. या एका पायरीच्या आळसाने किती टायफी ‘नॉन-फर्मेंटर’ किंवा ‘कंटॅमिनंट’ म्हणून सिंकमध्ये गेले असतील याची मोजदाद नाही.

सेन्सिटिव्हिटीचा कागद तर औषधाइतकाच धोकादायक ठरू शकतो. साल्मोनेलाच्या रिपोर्टवर जेंटामायसिन, अमिकासिन, सेफ्युरोक्झिम यांच्यापुढे ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध लागू पडते) छापलेले अजूनही दिसते. बशीत ती औषधे काम करतात, माणसात करत नाहीत. हा जंतू मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींच्या आत राहतो आणि अमिनोग्लायकोसाइड तिथे पुरेसे पोहोचत नाही. सीएलएसआय या लॅबची मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने स्पष्ट सांगितले आहे की साल्मोनेलासाठी अमिनोग्लायकोसाइड, पहिल्या आणि दुसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन ‘सेन्सिटिव्ह’ म्हणून रिपोर्ट करू नयेत. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या ५ मायक्रोग्रॅम डिस्कभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ साल्मोनेलासाठी ३१ मिलिमीटर किंवा जास्त असेल तरच ‘एस’; इतर एन्टेरोबॅक्टेरियाचे जुने आकडे भिंतीवर चिकटवलेले असतील तर काढून टाका. एमआयसीत, म्हणजे जंतूची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणात, ही सीमा मिलिलिटरमागे ०.०६ मायक्रोग्रॅम आहे. आपल्याकडच्या बहुतेक टायफीमध्ये जायरेस जनुकात बदल झालेला आहे, त्यामुळे ‘सिप्रो चालेल’ हे गृहीत धरण्याचे दिवस गेले. सेफ्ट्रिअॅक्सोनला २३ मिलिमीटर आणि वर ‘एस’. अझिथ्रोमायसिनच्या १५ मायक्रोग्रॅम डिस्कला १३ आणि वर, पण तिच्या वर्तुळाची कडा धूसर असते. शंका आली तर एमआयसीची पट्टी लावा. एमआयसी १६ पर्यंत चालते, ३२ ला प्रतिकार.

हे आकडे आम्ही एवढ्या कोरडेपणाने देतो त्याला कारण आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमॉक्साझोल या तिघांना एकदम दाद न देणारे टायफी पसरले. मग सिप्रो आले, मग सिप्रोची धार गेली, मग सेफ्ट्रिअॅक्सोन. २०१६ च्या अखेरीपासून पाकिस्तानातल्या सिंध प्रांतातल्या हैदराबादेत असा टायफी पसरला ज्याने ई. कोलायकडून एक प्लाझ्मिड (डीएनएचा सुटा तुकडा) उचलून सेफ्ट्रिअॅक्सोनवरही मात केली. तोंडाने घेण्याचे अझिथ्रोमायसिन आणि शिरेतून देण्याचे कार्बापेनेम एवढेच हातात उरले. सेफ्ट्रिअॅक्सोनला न जुमानणारे टायफी मुंबईतही सापडले आहेत आणि त्यांचे जनुकीय अनुक्रम प्रसिद्ध झाले आहेत. अझिथ्रोमायसिनला तोंड देणारा एकाच अक्षराचा बदल २०१९ मध्ये बांगलादेशातल्या नमुन्यांत ओळखला गेला. ही सगळी माहिती कुणीतरी पहिल्या डोसाआधी बाटली भरली म्हणून मिळाली. विडालच्या कागदातून जनुक काढता येत नाही.

आता तापाचा चौथा-पाचवा दिवस, आणि इथेच सगळ्यात मोठी फसगत आहे. सेफ्ट्रिअॅक्सोन लागू पडणाऱ्या टायफॉइडमध्येही ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात, कधी जास्त. औषधाच्या तिसऱ्या दिवशी ताप आहे म्हणून औषध हरले असे नसते. पण हाच चौथा दिवस स्क्रब टायफसच्या पेशंटचाही असू शकतो, आणि त्याला सेफ्ट्रिअॅक्सोनचा काडीचाही उपयोग नसतो: जंतू पेशीच्या आत आहे आणि सेफ्ट्रिअॅक्सोनसारखे बीटा-लॅक्टम औषध जिथे मारा करते ती भिंतच त्याच्याकडे नावापुरती आहे. दोघांचे चार्ट सारखे दिसतात. एकाला धीर धरायला हवा, दुसऱ्याला त्याच दिवशी डॉक्सिसायक्लिन. विडालवर भिस्त ठेवली तर दोघांनाही सेफ्ट्रिअॅक्सोनवर आणखी एक औषध चढवले जाते, आणि दुसरा पेशंट दुसऱ्या आठवड्यात धाप लागून आयसीयूत जातो. अझिथ्रोमायसिन दोन्ही आजारांवर चालते, म्हणून ते दिल्यावर ताप उतरला तरी कशाने उतरला ते कळत नाही. तीन दिवसांची ५०० ची स्ट्रिप मात्र टायफॉइडला पुरी पडत नाही. तिथे वजनाला किलोमागे २० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १ ग्रॅम रोज, सात दिवस असा हिशेब आहे.

स्क्रब टायफस हा हिमालयाच्या पायथ्याचा किंवा तमिळनाडूचा आजार, आपला नव्हे, असे २०१८ पर्यंत म्हणता येत होते. त्या वर्षीच्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाने तो समज मोडला. गोव्यातून तर त्याआधीच त्याची नोंद झाली होती. ऑगस्ट ते नोव्हेंबर, बांधावरचे वाढलेले गवत, उंदीर आणि त्यांच्या अंगावरची लेप्टोट्रॉम्बिडियम माइट. चावते ती फक्त तिची अळी, जेमतेम टाचणीच्या टोकाएवढी. चाव्यानंतर साधारण दहा दिवसांनी ताप.

खपली शोधण्याबद्दल दोन शब्द. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही. सिगारेटचा चटका बसावा तशी पाच ते दहा मिलिमीटरची काळी खपली, भोवती लाल कडा. ती अळी कपडे जिथे घट्ट असतात तिथे थांबते: काख, जांघ, कंबरेच्या नाडीची रेघ, स्तनांखाली, गुडघ्यामागे, कानामागे, मुलांमध्ये डोक्याच्या केसांत. घामाच्या घडीत खपली धरत नाही, तिथे नुसता पिवळसर ओला व्रण दिसतो. बायकांची तपासणी संकोचाने राहून जाते. नर्सला किंवा आशाताईंना काय शोधायचे ते दाखवून ठेवले तर ही अडचण सुटते. खपली नसली म्हणून स्क्रब नाही असे होत नाही, पण दिसली तर आणखी कशाची वाट पाहू नका. प्रौढाला डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, भरपूर पाण्याबरोबर आणि गोळी घेतल्यावर आडवे न होता. नाहीतर ती अन्ननलिकेत चिकटून व्रण करते. मुलांना ४५ किलोच्या आत रोज किलोमागे ४.५ मिलिग्रॅम दोन भागांत. गरोदर बाईला अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम रोज, पाच दिवस. ताप बहुतेकदा ४८ तासांत उतरतो. उतरला नाही तर निदानाकडे परत या. गंभीर पेशंटसाठी भारतातल्याच सात रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले की शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन एकत्र दिलेल्यांत मृत्यू, रेंगाळलेली गुंतागुंत किंवा न उतरणारा ताप यांचे एकत्रित प्रमाण ३३ टक्के होते. नुसत्या डॉक्सीत ४७, नुसत्या अझिथ्रोत ४८.

तपासणीसाठी इथेही एक म्हातारी चाचणी आहे, वाइल-फेलिक्स, १९१६ ची. टायफसच्या पेशंटच्या लघवीत प्रोटियस सापडला, पेशंटच्या सीरमने त्याच्या गुठळ्या होऊ लागल्या, आणि प्रोटियसचा आजाराशी संबंध नसूनही ही योगायोगाची ओळख शंभर वर्षे कामी आली. स्क्रबसाठी त्यातला ओएक्स-के हा प्रोटियसचा प्रकार. पण ती अर्ध्याहून अधिक वेळा चुकवते. आयजीएम ही ताजी अँटिबॉडी शोधणारी एलायझा पाचव्या-सातव्या दिवसापासून तिच्याहून खूप भरवशाची. त्याआधी जंतूचा डीएनए शोधणारी पीसीआर. आणि पीसीआरसाठी रक्तापेक्षा खपली सरस, कारण जंतू तिथेच दाटीने असतो. जागा सलाइनने पुसा, निर्जंतुक चिमट्याने खपलीची कड उचलून पूर्ण खपली काढा, कोरड्या निर्जंतुक कुपीत टाका आणि बर्फावर पाठवा. सवयीने फॉर्मेलीनमध्ये टाकू नका, त्यात डीएनए तुटतो. सोबत ४ मिलिलिटर ईडीटीएचे रक्त, तेही डॉक्सीच्या पहिल्या गोळीआधी.

संशोधनाला तुमच्याकडून काय हवे, ते सांगून थांबतो. दिल्ली, कोलकाता, वेल्लोर आणि पुण्याजवळचा ग्रामीण भाग इथे मुलांना दर आठवड्याला गाठून, ताप आला की कल्चर करून टायफॉइड मोजला गेला: शहरी वस्त्यांत दर लाख बालवर्षांमागे ५७६ ते ११७३, पुण्याच्या ग्रामीण भागात ३५. एवढा फरक विडालने मोजला असता तर दिसलाही नसता. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना सार्वजनिक मोहिमेत कॉन्जुगेट लस दिली, जगात पहिल्यांदा. तिचा उपयोग किती झाला हे तपासायलाही कल्चरच लागले. तुमच्या लॅबमध्ये टायफी किंवा पॅराटायफी वाढला तर तो फेकू नका. न्यूट्रिअंट अगरच्या स्लँटवर किंवा घट्ट झाकणाच्या कुपीतल्या अर्धघट्ट अगरमध्ये टोचून ठेवा, अंधारात, खोलीच्या तापमानाला. टीएसआय किंवा मॅक्कॉन्कीवर साठवू नका, साखरेच्या आम्लाने तो मरतो. पाठवताना तीन थरांचे पॅकिंग, आणि उघडताना बायोसेफ्टी कॅबिनेट. बशीचा वास घेण्याची जुनी सवय या जंतूसाठी तरी सोडा. सोबतच्या फॉर्मवर चार गोष्टी लिहा: तापाचा कितवा दिवस, आधी कुठले अँटीबायोटिक किती डोस, गाव, आणि लस घेतली आहे का. केमिस्टकडून घेतलेली ‘तापाची पुडी’ही लिहा. अँटीबायोटिक सुरू झालेले असले तरी कल्चर घ्या, फक्त पुढच्या डोसाच्या अगदी आधी.

आणि लॅबचालकांनो, विडाल बंद करणे तुमच्या हातात नाही हे आम्हाला मान्य आहे. डॉक्टर लिहितात आणि पेशंट मागतो. पण रिपोर्टच्या खालची ओळ तुमच्या हातात आहे. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द काढा, टायटर तेवढे द्या, आणि खाली मराठीत छापा: ‘एकाच नमुन्यावरील विडाल चाचणीवरून टायफॉइडचे निदान करता येत नाही. अँटीबायोटिक सुरू झाले नसेल तर रक्तकल्चर करून घ्यावे. ताप पाच दिवसांहून जास्त असेल तर स्क्रब टायफसची तपासणी करावी.’

आपले,
रक्तकल्चरच्या बाकावरचे काही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ